सेकंड शिफ्टचा संसार आणि तिसरी खुर्ची

लग्न आळंदीला लागतं, घटस्फोटाचा निकाल शिवाजीनगरला लागतो, आणि दोन्हींत अंतर फार तर वीस-पंचवीस किलोमीटरचं. इंद्रायणीकाठच्या मंगल कार्यालयांत आणि धर्मशाळांत लग्नसराईत एकामागून एक अक्षता पडत असतात. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांनाही आळंदीच आठवते. दुसऱ्या टोकाला कौटुंबिक न्यायालय. १ ऑगस्ट २०२३ पासून तर पिंपरीहून मेट्रोत बसावं आणि थेट सिव्हिल कोर्ट स्थानकावर उतरावं, इतकं ते जवळ आलं आहे. खरा संसार होतो तो मधल्या पट्ट्यात: भोसरी, मोशी, तळवडे, आकुर्डी, चाकण, महाळुंगे, निघोजे.

या पट्ट्यातल्या संसाराला मदत करणारी एक गोष्ट अजून बऱ्याच घरांत पोहोचलेली नाही. तिला कुणी कपल थेरपी म्हणतं, कुणी दाम्पत्य समुपदेशन, कुणी नुसतं ‘काउन्सिलिंग’. तिच्याविषयीच्या या काही गमतीच्या आणि काही थक्क करणाऱ्या गोष्टी.

मामा गावाला राहिला

पूर्वी नवरा-बायकोत वाजलं की कुणीतरी मध्ये पडायचं. आत्या यायची, मामा यायचा, शेजारच्या काकू भाजी निवडायला बसायच्या आणि निवडता निवडता दोघांचं ऐकून घ्यायच्या. चाकणच्या वन आरकेमध्ये राहणाऱ्या जोडप्याचा मामा लातूरला असतो, आत्या यवतमाळला. शेजारी कोण राहतं ते महिनाभर कळत नाही, कारण त्याची शिफ्ट वेगळी. भांडण होतं, पण मध्ये पडायला तिसरं माणूस नसतं.

आणि त्या जुन्या मध्यस्थाची एक अडचण होतीच: तो कुणाचा तरी मामा असायचा. सुनेकडच्यांना वाटायचं, हा पोराचीच बाजू घेणार. थेरपिस्टची तिसरी खुर्ची वेगळी ती इथे. त्या खुर्चीतल्या माणसाने ना नवऱ्याची वकिली करायची, ना बायकोची. दोघांचं नातं हाच त्याचा पेशंट. एरवी अगदी कसलेल्या समुपदेशकालाही जोडप्याला एकत्र बसवणं अवघड जातं ते याच कारणाने: एका वेळी दोन माणसं समोर आणि दोघांनाही वाटलं पाहिजे की आपलं ऐकलं गेलं.

गुरुवारची गोष्ट

बाहेरगावच्या माणसाला नवल वाटेल अशी गोष्ट आहे. या औद्योगिक पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळे उद्योग एकाच दिवशी बंद आणि बाकीचे दिवस एकदम सुरू राहिले तर विजेचा भार पेलत नाही, म्हणून वीज मंडळाने वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले. इथल्या वाट्याला गुरुवार आला.

आता समजा, तो भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर. त्याची सुट्टी गुरुवारी. ती हिंजवडीला आयटीत, तिची सुट्टी शनिवार-रविवार. मुलाची शाळा रविवारी बंद. तिघांची एकत्र सुट्टी म्हणजे दिवाळी आणि गणपती. त्यात त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते. फर्स्टला तो पहाटे निघतो, सेकंडला मध्यरात्री येतो, थर्डला ती निघताना तो झोपायला टेकतो. दोघांचं बोलणं होतं ते गॅस संपला, फी भरायची आहे, पाणी कधी येणार, एवढ्यापुरतं. प्रेम आटलेलं नसतं. त्याला वेळापत्रकात जागा मिळालेली नसते.

हे आपल्याकडचंच दुखणं नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ हॅरिएट प्रेसर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांच्या, लग्नाला पाच वर्षंही न झालेल्या बापांकडे पाहिलं. कायम रात्रपाळी करणाऱ्यांचं लग्न मोडण्याची शक्यता दिवसपाळीवाल्यांच्या जवळजवळ सहापट निघाली. म्हणून इथे एखादं जोडपं थेरपीला आलं की पहिला प्रश्न ‘भांडता कशावरून’ हा विचारण्याऐवजी ‘दोघं जागे असताना एकत्र किती वेळ असता’ हा विचारावा, असं मला मनापासून वाटतं. थेरपीचा सगळ्यात साधा फायदाही हाच. आठवड्यातला एक तास दोघं एका खोलीत, मोबाइल बंद, समोर एक माणूस आणि विषय फक्त ‘आपण दोघं’. कित्येक जोडप्यांना लग्नानंतर असा तास पहिल्यांदाच मिळतो.

झोपेचंही ऐका. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एमी गॉर्डन आणि सेरेना चेन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की रात्री झोप नीट झाली नसेल तर दुसऱ्या दिवशी जोडप्यांची भांडणं जास्त होतात आणि एकमेकांची मनःस्थिती ओळखणंही कमी जमतं. सेकंड शिफ्टहून रात्री साडेबाराला घरी आलेल्या माणसापुढे गावाकडच्या जमिनीचा विषय काढू नये, याला आता शास्त्राचाही आधार आहे.

पहिली तीन मिनिटं

अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोगशाळा उभारली. दिसायला ती साधा फ्लॅट होती. स्वयंपाकघर, सोफा, खिडकी, आणि कॅमेरे. जोडप्यांनी तिथे येऊन राहायचं, जेवायचं, बोलायचं, भांडायचं. अंगाला लावलेली यंत्रं नाडी आणि घाम मोजायची. वर्तमानपत्रांनी तिला ‘लव्ह लॅब’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

तिथून बाहेर आलेल्या गोष्टींपैकी पहिली: भांडणाची सुरुवात कशी झाली यावरून त्याचा शेवट बराचसा कळतो. पहिली तीन मिनिटं पुरतात. ‘तुम्हाला घराचं काही पडलेलंच नाही’ अशी सुरुवात झाली की पुढे आयुष्यभराची उणीदुणी निघणार. ‘आज मला फार एकटं वाटलं, जरा बसा ना’ अशी झाली तर तोच विषय वेगळ्या वाटेने जातो. थेरपीत जोडप्यांकडून ही सुरुवात अक्षरशः घटवून घेतात. पहिलं वाक्य बदला, पुन्हा म्हणा, पुन्हा.

दुसरी गोष्ट नाडीची. भांडताना ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही. कान शाबूत असतात, पण शरीर लढाईला उभं राहिलेलं असतं. अशा वेळी किमान वीस मिनिटं थांबावं, असं गॉटमन सांगतात. आपल्याकडे थांबतातच, पण त्याचा आपण अबोला करतो. दोन्हींत फरक मोठा आहे. ‘मी जरा गच्चीत जाऊन येतो, अर्ध्या तासाने बोलू’ ही विश्रांती. तीन दिवस मुलाच्या तोंडून निरोप पाठवणं हा अबोला. विश्रांतीला परत येण्याची वेळ असते, अबोल्याला नसते.

गॉटमननी लग्नाला पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या. माणसावरच ठपका ठेवणं, तुच्छतेने बोलणं, आपली चूक कधीच न मानणं, आणि भिंतीसारखं गप्प होणं. यांत सगळ्यात विषारी तुच्छता. मराठीत तिच्यासाठी नेमका शब्द आहे: टोमणा. ‘तुमच्या आईने हेच शिकवलं वाटतं’ या एका वाक्यात दोन माणसं दुखावतात, त्यातलं एक घरात नसतंही.

आणि तिसरी गोष्ट ऐकून फार हायसं वाटतं. जोडप्यांच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत. सुखी जोडप्यांचेही नाहीत! गावी पैसे किती पाठवायचे, माहेरी किती दिवस राहायचं, एकाला पसारा चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही, हे विषय लग्नाच्या पंचविसाव्या वर्षीही असतात. सुखी जोडपी त्यांच्यासोबत राहायला शिकतात, त्यांवर हसायला शिकतात. ‘सगळे प्रश्न सुटले तरच थेरपी यशस्वी’ असं मानून येणाऱ्यांना हा आकडा पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

भंडाऱ्यावरची भाकरी

गॉटमनचा आणखी एक आकडा प्रसिद्ध आहे: पाचास एक. टिकणाऱ्या जोडप्यांत भांडण चालू असतानाही एका कडू क्षणामागे पाच गोड क्षण असतात. मान डोलावणं, ‘हं, खरंय तुझं’ म्हणणं, हातावर हात ठेवणं, एखादा विनोद.

हा आकडा वाचला की मला तळेगाव-चाकण रस्त्यालगतचा भंडारा डोंगर आठवतो. तुकोबा तिथे चिंतनाला जात आणि जिजाई देहूहून भाकरी घेऊन डोंगर चढत, अशी परंपरेतली कथा. कीर्तनांतून जिजाईंना फार वेळा नुसती भांडखोर बायको करून टाकलं गेलं, आणि ते अन्यायाचं आहे. दुष्काळ पाहिलेलं घर, पोटची पोरं, देवापायी व्यवहाराकडे पाठ फिरवलेला नवरा; ती रागावली नसती तरच नवल. पण रागावूनही ती भाकरी घेऊन डोंगर चढली. भांडण एक आणि भाकऱ्या अनेक. पाचास एकचा हिशोब तिला कुणी शिकवला नव्हता.

‘का’ हा शब्द घरी आणू नका

या भागातल्या कुठल्याही सुपरवायझरला विचारा, दोष सापडला की काय करतात? पाच वेळा ‘का’ विचारतात. पार्ट रिजेक्ट का झाला, टूल का झिजलं, कूलंट का कमी पडलं, अशा पायऱ्या उतरत मूळ कारणापाशी पोहोचायचं. जपानमधल्या टोयोटाकडून आलेली ही पद्धत मशीनवर उत्तम चालते.

घरी तीच पद्धत उलटते. ‘उशीर का झाला?’, ‘सांगितलं का नाहीस?’, ‘मग फोन का उचलला नाहीस?’ तिसऱ्या ‘का’ला समोरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला असतो आणि बचाव शोधू लागतो. म्हणून बहुतेक थेरपिस्ट ‘का’ टाळून ‘काय’ आणि ‘कसं’ विचारतात. ‘त्या वेळी मनात काय चाललं होतं?’ या प्रश्नाला उत्तर येतं. ‘असं का केलंस?’ला सबब येते.

कारखान्याची दुसरी एक सवय मात्र घरी जरूर आणावी. मशीन बंद पडल्यावर करतात ते ब्रेकडाऊन मेंटेनन्स, आणि चालू असतानाच तारीख ठरवून करतात ते प्रिव्हेंटिव्ह. इथला प्रत्येक फिटर सांगेल की दुसरं स्वस्त पडतं. जोडपी मात्र बहुतेक पहिल्या प्रकारात येतात. बराच काळ असं म्हटलं जायचं की त्रास सुरू झाल्यापासून मदत घेईपर्यंत सरासरी सहा वर्षं जातात. विल्यम डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जोडप्यांत हे तपासलं, तेव्हा काळ सुमारे २.७ वर्षं निघाला. सहापेक्षा बरा. तरी पावणेतीन वर्षं मशीन खडखडतंय आणि कुणी कव्हर उघडून पाहत नाही, असं एखाद्या कारखान्यात चालेल का?

दोघांची बेरीज शंभराच्या वर

घरातल्या कामांपैकी किती टक्के कामं तू करतोस, हा प्रश्न नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून विचारला, तर दोन उत्तरांची बेरीज शंभरापेक्षा जास्त भरते. कॅनडात मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये ३७ जोडप्यांवर हे करून पाहिलं. यात खोटं कुणी बोलत नसतं. आपण भांडी घासली ते आपल्या लक्षात राहतं. दुसऱ्याने दूध तापवून उतरवलं तेव्हा आपण तिथे नव्हतो, एवढंच.

याहून चकित करणारा प्रयोग २०११ चा. केनेथ सॅवित्स्की आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांना पाठमोरं बसवलं आणि ज्यांचे दोन-दोन अर्थ निघतात अशी वाक्यं बोलायला लावली. समोरच्याला नेमकं काय म्हणायचं आहे हे ओळखण्यात नवरा-बायको अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत. आपल्याला कळतं असा विश्वास मात्र त्यांना खूप जास्त होता. ‘वीस वर्षं ओळखतो मी हिला, ती काय म्हणणार ते मला माहीत आहे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा वाचावं. थेरपीत ऐकणाऱ्याला आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायला लावतात, ते याचसाठी. पहिल्या फेरीत बहुतेकांचं चुकतं.

बोलण्याची पाळी सांभाळायला एक छान साधन आहे. हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅनली यांच्या पद्धतीत जोडप्याच्या हातात जमिनीवर टाकायच्या लिनोलियमचा एक तुकडा देतात. ज्याच्या हातात तुकडा तो बोलणार, दुसरा फक्त ऐकणार. इंग्रजीत बोलण्याच्या हक्काला आणि जमिनीला एकच शब्द आहे, त्यावरची ही कल्पना. आपल्या घरी चमचाही चालेल. लाटणं नको.

वंशावळ, पण भांडणांची

थेरपीच्या खोलीत नेमकं काय होतं याची धास्ती पुष्कळांना असते. ‘आपल्याला काय वेड लागलंय का?’ हा प्रश्न बहुधा नवऱ्याकडून येतो. प्रत्यक्षात तिथे ना गोळी मिळते ना निकाल. साधारण तासाभराची बैठक असते. पहिली बहुतेक वेळा दोघांसोबत, मग एकेकट्याशी एकदा, मग पुन्हा दोघं. कुणाला आठ बैठका पुरतात, कुणाला वीस लागतात.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे जेनोग्राम. आपल्याकडे वंशावळ काढतात तशीच दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची आकृती. फरक इतकाच की नात्यांच्या रेघाही काढायच्या. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, कोण कुणाशी बोलत नव्हतं, दारू कुठे होती, घर सोडून कोण गेलं. चिखलीतल्या दोन खोल्यांत बसलेल्या नवऱ्याला अचानक दिसतं की राग आला की जेवणाचं ताट सरकवून उठायचं, हे आपले वडील करायचे आणि आजोबाही. बायकोला दिसतं की ताट सरकलं की आपण जे थरथरतो ते आजच्या ताटामुळे नाही. त्या कागदापुढे दोघं गप्प होतात, आणि ते गप्प होणं अबोल्यासारखं नसतं.

सू जॉन्सन यांचा उल्लेख इथे करायलाच हवा. २०२४ मध्ये त्या गेल्या. १९८० च्या दशकात कॅनडात लेस ग्रीनबर्ग यांच्यासह त्यांनी भावनांवर केंद्रित अशी थेरपी घडवली. इंग्लंडमध्ये त्यांच्या आईवडिलांचा पब होता. माणसं भांडतात कशी, रडतात कशी, मनवतात कशी, हे ती मुलगी काउंटरच्या आतून पाहत मोठी झाली. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक भांडणांच्या तळाशी एकच प्रश्न असतो: हाक मारली तर तू येशील का? भांडण दिसतं पैशाचं, सासूचं, टॉवेलचं. तळाचा प्रश्न तोच.

शरीराला सगळं कळतं

२००६ मध्ये जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि घोट्याला हलका शॉक बसेल असं सांगितलं. एकदा हात कुणीच धरला नाही, एकदा अनोळखी माणसाने धरला, एकदा नवऱ्याने. नवऱ्याने हात धरला की मेंदूतला भीतीचा गलका उतरला. ज्यांचं नातं चांगलं, त्यांचा जास्त उतरला.

उलट बाजूही मोजली गेली आहे. ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी २००५ मध्ये ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक फोड उठवून ते कसे भरतात हे पाहिलं. दोघं प्रेमाने बोलले त्या वेळेपेक्षा वाद झाला त्या वेळी जखमा उशिरा भरल्या. ज्या जोडप्यांत कडवटपणा जास्त, त्यांच्या जखमा कमी कडवट जोडप्यांच्या ६० टक्के वेगानेच भरत होत्या.

वर्षाला २१ मिनिटं

एली फिंकेल यांचा २०१३ मधला प्रयोग फुकटात घरी करता येण्याजोगा आहे. १२० जोडपी, दोन वर्षं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांनी चार महिन्यांतून एकदा सात मिनिटं लिहायचं होतं: आपल्या अलीकडच्या भांडणाकडे दोघांचं भलं चिंतणारा तिसरा माणूस कसा पाहील? बस, इतकंच. वर्षाची मिनिटं २१. न लिहिणाऱ्यांची नात्यातली गोडी घसरत राहिली, लिहिणाऱ्यांची घसरण थांबली. म्हणजे तिसरी खुर्ची रिकामी असली तरी तिची कल्पना करण्यानेही काम होतं.

आर्थर एरॉन यांनी २००० मध्ये तर जोडप्यांचे हातपाय पट्टीने एकमेकांना बांधले आणि गादीवरचा अडथळा रांगत पार करायला लावला, मध्ये एक उशी, हात न लावता न्यायची. अशी नवीन, धमाल गोष्ट एकत्र केलेल्यांना त्यानंतर आपलं नातं जास्त आवडू लागलं. रोजच्याच हॉटेलात रोजचंच जेवण्यापेक्षा गुरुवारी लोहगडाची पायवाट दोघांनी धरावी, ती यामुळे.

१९२१, मुंबई

समुपदेशन हे परदेशी खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक मराठी नाव. रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवलं. लग्नातल्या ज्या गोष्टी माणसं कुणालाही विचारू शकत नव्हती, त्या वाचक त्यांना पत्राने विचारत आणि कर्वे मासिकात उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले. पत्रं येत राहिली.

अमेरिकेत विवाह समुपदेशनाची पहिली मोठी संस्था १९३० मध्ये पॉल पोपनो यांनी लॉस एंजेलिसला काढली. हे गृहस्थ त्याआधी खजुराच्या लागवडीवर पुस्तक लिहून बसले होते आणि ‘चांगल्या वंशा’च्या घातक कल्पनांचे पुरस्कर्ते होते. त्यांच्यापुढे आपले कर्वे कितीतरी उजवे, असं मी बेधडक म्हणेन.

दारूचं घर

या पट्ट्यातल्या संसारांविषयी लिहायचं आणि दारू वगळायची, हे खोटेपणाचं होईल. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिलं. तिथे एक गोष्ट पहिल्यापासून ओळखली गेली: पिणारा एक असतो, पण आजार घराला असतो. म्हणून व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. बाटल्या शोधणं, नवऱ्याच्या वतीने कंपनीत खोटं सांगणं, पगाराच्या दिवशी गेटवर उभं राहणं, या सगळ्यातून त्या बाईला बाहेर काढणं हेही उपचारच. दारू सुटल्यावर दोघांनी नव्याने नवरा-बायको होणं हा पुढचा, आणि अनेकदा जास्त कठीण टप्पा.

कायद्यालाही घाई नाही

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातलं कलम ९ न्यायालयाला सांगतं की आधी समेटाचा प्रयत्न करा, आणि समेटाची शक्यता दिसत असेल तर कामकाज पुढे ढकला. त्यासाठी न्यायालयातच विवाह समुपदेशक असतात. त्याच कायद्याच्या कलम १३ नुसार इथे वकील हक्काने उभा करता येत नाही. कायदा करणाऱ्यांना जोडप्याने स्वतः बोलावं असं वाटत होतं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर सहा महिने थांबण्याची तरतूद आहे. नातं खरोखरच संपलेलं असेल तर ही मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं. गोव्याने २०२१ मध्ये लग्नाआधीच समुपदेशन सक्तीचं करण्याचा विचार जाहीर केला होता. सक्ती नको, पण सोय हवी, असं माझं मत. आळंदीच्या मंगल कार्यालयात बँडवाला, भटजी, आचारी यांच्या यादीत एक समुपदेशकही मिळाला तर किती बरं होईल.

इथे थांबा

एक गोष्ट मात्र हसतखेळत सांगण्यासारखी नाही. मारहाण होत असेल, धमकी असेल, जीव घाबरत असेल तर दोघांनी एकत्र थेरपीला बसू नये. तिथे खरं बोललेल्या बाईला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याखालच्या नियमांत स्पष्ट आहे की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करू दिलं जाणार नाही. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि पोलिसांनी मिळून सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आज राज्यभर पोलीस ठाण्यांत आहेत. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

मग उपयोग होतो का?

होतो. उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये घेतला गेला, तेव्हा थेरपी घेतलेल्या जोडप्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना फायदा झाल्याचं दिसलं. उरलेल्या ३० टक्क्यांत काही वेगळी होतात. तेही नीट, मुलांना मध्ये न ओढता झालं, तर ती बैठकही वाया गेली असं मी म्हणणार नाही.

थेरपिस्टचं शिक्षण विचारायला लाजू नका. मानसशास्त्राची पदवी कुठली, जोडप्यांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं, फी किती, दोघांपैकी एकाने एकट्याने सांगितलेलं गुपित राहणार की नाही, हे पहिल्या फोनवरच विचारा. नवरा तयार नसेल तर बायकोने, बायको तयार नसेल तर नवऱ्याने एकट्याने सुरुवात करावी. दोघांच्या नाचात एकाने पाऊल बदललं की दुसऱ्याचंही बदलतं. पैशाची अडचण असेल तर संत तुकारामनगरच्या महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि दोघांपैकी कुणालाच अजून घराबाहेर पाऊल टाकायचा धीर होत नसेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि चोवीस तास चालू असते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेबारालाही.